तीन व्होल्टची आठवण

जुन्या वस्तूचं एक दुर्दैव असतं. तिच्यात एखादा भाग नवा बसवला आणि ती चालेनाशी झाली, तर ना त्या नव्या भागाला कुणी विचारत, ना बसवणाऱ्याला. "जुनंच झालंय हो ते," म्हणून सगळे मोकळे!

आमच्या २००९ सालच्या कॉम्प्युटरचं तसंच झालं. हार्ड डिस्क टकटक वाजू लागली, म्हणून दुरुस्तीवाल्या मुलानं त्यातलं सगळं नव्या एसएसडीवर उतरवलं आणि ती बसवली. बटण दाबलं, विंडोजचं चिन्ह उमटलं, निळा पडदा क्षणभर चमकला आणि पुन्हा पहिल्यापासून. असं दहा वेळा. "मावशी, याला नवीन डिस्क सोसवत नाही. भंगारात द्या."

भंगारात कशी देणार? मामंजींनी म्हातारपणी एकेका बोटानं टाइप केलेलं सगळं त्यात आहे. तंबाखूचे हिशेब, पाहुण्यारावळ्यांच्या वंशावळी, सीमेच्या आंदोलनातल्या आठवणी. तेही युनिकोडमध्ये नाही, जुन्या फाँटमध्ये. तो फाँट नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली, की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा दिसतो. मामंजी गेले, त्यांचं अक्षर वाचणारं एवढंच एक यंत्र उरलं.

रात्री पुण्याच्या पुतण्याला फोन लावला. तो म्हणाला, "काकू, जुनीच डिस्क परत लावून बघा." लावली. तोच निळा पडदा! "म्हणजे नव्या डिस्कचा दोष नाही. आता बायॉसमध्ये जा आणि तारीख काय दिसते ते सांगा."

तारीख होती १ जानेवारी २००९.

"सापडलं!" तो हसला.

मग त्यानं समजावलं. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढी एक बॅटरी असते, सीआर-२०३२, तीन व्होल्टची. यंत्राची वीज काढली, की तारीख आणि बाकीच्या सेटिंग्ज तीच लक्षात ठेवते. ती कधीचीच संपली असणार. पण प्लग सतत भिंतीत, त्यामुळे कळलं नाही. डिस्क बदलायला प्लग काढला आणि बिचारं सगळं विसरलं. डिस्कशी बोलायची पद्धत एएचसीआय होती, ती मूळच्या आयडीईवर गेली. विंडोज बसवलं होतं पहिल्या पद्धतीनं. दुसरीत त्याला स्वतःचीच डिस्क ओळखू येईना.

दुसऱ्या दिवशी घड्याळाच्या दुकानातून बॅटरी आणली. प्लग काढून जुनी उचकटली, नवी बसवली. एसएसडी जोडली, तारीख घातली, आयडीईचं एएचसीआय केलं, एफ-१० दाबून जतन केलं. यंत्र सुरू झालं, आणि पूर्वीपेक्षा चपळ!

घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं आपण असंच करतो का? मामंजी शेवटी शेवटी नावं विसरायचे, तेव्हा "वय झालं" एवढंच निदान आम्ही सगळ्यांनी धरलं होतं. पुढे डॉक्टरांनी रक्त तपासलं, बी-१२ फार कमी निघालं. इंजेक्शनं सुरू झाल्यावर ते पुन्हा नातवंडांना नावानं हाका मारू लागले. त्यांच्या आठवणींची शेवटची वीस पानं त्यानंतरचीच आहेत.

सध्या रोज दुपारी मी त्यातलं एक पान युनिकोडमध्ये उतरवते. आज सत्तेचाळिसावं झालं.