मौजे अरबी समुद्र

संपादकमहाशयांनी यंदाच्या अंकासाठी ‘आपल्या व्यवसायातील एखाद्या प्रश्नावर, परंतु सर्वसामान्य वाचकास समजेल अशा भाषेत’ लिहावे अशी आज्ञा केली, तेव्हा त्या वाक्याच्या उत्तरार्धाने मी काहीसा बिचकलो. कारण ज्या विषयात मी चाळीस वर्षे वकिली केली, तो सर्वसामान्य वाचकाचे राहो, पण मुंबईच्या उच्च न्यायालयातील माझ्या बहुतेक सन्मित्रांनाही समजून घ्यावासा कधी वाटला नाही. सागरतळाच्या जमिनीवर आणि तीवर उभारलेल्या तेलाच्या बांधकामांवर कोणत्या सरकारचा, कोणत्या कायद्याचा आणि कोणत्या कचेरीचा अंमल चालतो, हा तो विषय. त्यात मी जन्माने धारूरचा. बालाघाटाच्या ज्या डोंगरावर पावसाळ्याच्या अखेरीस सीताफळे पिकतात आणि दिवाळीच्या सुमारास गावेच्या गावे कोयते घेऊन ऊसतोडीला निघून जातात, तेथून समुद्र सरळ रेषेतही तीनशे किलोमीटरांहून दूर आहे. माझ्या वडिलांनी तर तो जन्मात पाहिला नाही. निवृत्त होऊन येथे परतल्यावर शेजाऱ्यांनी बांधाचे दोन-चार तंटे आणि वाटपाचा एक दावा माझ्याकडे आणला व तो मी नम्रपणे परत केला, तेव्हापासून ‘वकीलसाहेबांना पाण्याखालचंच कळतं’ अशी माझी ख्याती झाली आहे.

लोकांच्या गैरसमजांची मोजदाद करायची तर ‘मुंबई हाय’ या नावापासूनच आरंभ करावा लागतो. बसस्थानकाजवळच्या चहाच्या दुकानात नित्य बसणाऱ्या एका वयोवृद्ध गृहस्थांची अशी दृढ समजूत आहे की, मुंबई हाय हे मुंबई हायकोर्टाचेच संक्षिप्त नाव असून तेथे तेल सापडले ही वर्तमानपत्रवाल्यांची काहीतरी गफलत असावी. वस्तुतः ‘हाय’ म्हणजे उंचवटा. सागरतळाखालील खडकांच्या थरांना आलेला फुगवटा, ज्याच्या पोटात तेल साचून राहते. मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरांवर, सुमारे ७५ मीटर पाण्याखाली असलेल्या या उंचवट्यात १९७४ च्या फेब्रुवारीत जपानात बांधलेल्या ‘सागर सम्राट’ या तेलविहिरी खणणाऱ्या रिगने तेल शोधून काढले आणि १९७६ च्या मे महिन्यात उत्पादन सुरू झाले. त्या सागर सम्राटाचे चित्र पुढे एक रुपयाच्या नोटेवर छापले गेले, म्हणजे धारूरच्या बाजारात मेथीची जुडी घेणाऱ्याच्या कनवटीलाही ते होते; पण ते चित्र कशाचे, असे कोणी कोणास विचारल्याचे मला स्मरत नाही.

दुसरा गैरसमज असा की, समुद्र महाराष्ट्राचा, म्हणून तेलही महाराष्ट्राचे, आणि त्याचे स्वामित्वधन दिल्लीने लाटले. व्याख्यानांतून हे वाक्य टाळ्या घेते, म्हणून त्याचे खंडन करणारा मनुष्य सभेत अप्रिय होतो. तरीही सांगितले पाहिजे. आसामात किंवा गुजरातेत कोरड्या जमिनीतून निघालेल्या तेलाचे स्वामित्वधन राज्यास मिळते हे खरे. परंतु समुद्राखालील जमिनी, खनिजे व अन्य मोलवान वस्तू केंद्राच्या ठायी निहित होतील, असे संविधानाचा अनुच्छेद २९७ सांगतो. प्रारंभी हा अनुच्छेद किनाऱ्यालगतच्या प्रादेशिक जलापुरताच होता. १९६३ च्या पंधराव्या दुरुस्तीने त्यात भूखंडमंच आला (आमच्या शाळेच्या भूगोलात त्याला ‘समुद्रबूड जमीन’ असे फार सुरेख नाव होते, ते टाकून हा मंच कोणी आणला कोण जाणे) आणि १९७६ च्या चाळिसाव्या दुरुस्तीने किनाऱ्यापासून दोनशे सागरी मैलांपर्यंतचे अनन्य आर्थिक क्षेत्र आले. तेलाचा प्रश्न तेथे मिटला. मला झोप येऊ देत नाही तो प्रश्न तेलाचा नाही, तेल काढणाऱ्या माणसाचा आहे.

तो नीट कळण्यासाठी १८७१ सालात जावे लागेल. त्या वर्षी मुंबई उच्च न्यायालयापुढे कास्त्या रामा व इतर यांचा खटला आला. एका गावच्या लोकांनी होड्या घालून शेजारच्या गावकऱ्यांनी समुद्रात रोवलेले मासेमारीचे खुंट उपटून टाकले होते. जागा किनाऱ्यापासून तीन मैलांच्या आतली, पण पाणी समुद्राचेच. तेव्हा फौजदारी न्यायालयाचा अंमल तेथपर्यंत पोचतो काय, हा वाद. पोचतो, असे उच्च न्यायालयाने ठरवले. कायद्याच्या पुस्तकांत हा खटला दोन ओळींत उरकतात. मला मात्र तो फार प्रिय आहे, कारण सागरतळात रोवलेला लाकडी खुंट आणि सागरतळात रोवलेला पोलादी प्लॅटफॉर्म यांत, कायद्याच्या दृष्टीने पाहिले तर, केवळ आकाराचे आणि अंतराचे अंतर आहे. तीन मैलांच्या आत खुंट उपटणाऱ्याला पकडणे सोपे. शंभर मैलांवर काय?

येथे वाचकांनी थोडा धीर धरावा, कारण हा मुद्दा सांगितल्याखेरीज माझ्याने पुढे जाववत नाही. ‘सार्वभौमत्व’ आणि ‘सार्वभौम हक्क’ हे दोन शब्द दिसायला सख्खे भाऊ असले तरी त्यांच्यात बारा सागरी मैलांचे वैर आहे. प्रादेशिक जलाच्या बारा मैलांपर्यंत भारताचे सार्वभौमत्व चालते, म्हणजे तेथे भारत तसाच आहे जसा तो धारूरच्या किल्ल्यात आहे. त्यापलीकडे भारतास सार्वभौम हक्क आहेत, पण विशिष्ट प्रयोजनांपुरते: तळ खणावा, तेल काढावे, बांधकाम उभारावे, त्या बांधकामावर आपला अंमल चालवावा आणि त्याभोवती पाचशे मीटरांचे सुरक्षावलय आखावे. ते बांधकाम बेट नव्हे आणि त्याला स्वतःचे प्रादेशिक जल नाही, असे १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारात स्वच्छ लिहिले असून १९९५ साली भारताने तो स्वीकारला. तेव्हा प्लॅटफॉर्मवर उभा असलेला मनुष्य भारतात उभा नसतो. भारताच्या हक्कावर उभा असतो.

मग तेथे भारताचे कायदे लागू होतात ते कसे? त्याची किल्ली १९७६ च्या सागरी क्षेत्रांविषयीच्या अधिनियमात आहे. केंद्र सरकार राजपत्रात अधिसूचना काढून देशातील कोणताही अधिनियम त्या पाण्यास लागू करू शकते, आणि असा लागू केलेला अधिनियम ‘जणू तो भाग भारताच्या प्रदेशाचाच भाग आहे’ अशा रीतीने अंमलात येतो. या ‘जणू’ शब्दावर माझी अर्धी हयात गेली. १९८६ व १९८७ च्या अधिसूचनांनी सीमाशुल्काचा कायदा नियुक्त क्षेत्रांना लागू झाला. पुढे तेलविहिरी खणणाऱ्या कंपन्या म्हणू लागल्या की, आमच्या रिगा प्रादेशिक जलाच्या बाहेर काम करतात, सबब त्या परदेशगामी जहाजे आहेत आणि त्यांना पुरवलेल्या सामानावर शुल्क नको. अबान लॉईड चाइल्स ऑफशोअरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली हे म्हणणे फेटाळले: शुल्काच्या प्रयोजनासाठी तो भाग भारतच होय, म्हणून तेथे जाणारे जहाज परदेशी जात नाही. त्या प्रकरणात मी नव्हतो, परंतु या निकालाच्या कितीतरी वर्षे आधी एका चर्चासत्रात मी नेमके हेच प्रतिपादन केले होते व तेव्हा श्रोत्यांपैकी दोघे हसले होते, एवढी नोंद येथे करण्याचा मोह मला आवरत नाही.

मात्र विजयाच्या त्या आनंदात माझ्याही लक्षात न आलेली गोष्ट अशी, की ‘जणू’ हा एकेका अधिनियमापुरता असतो. सीमाशुल्कासाठी जो भाग भारत आहे, तो दुसऱ्या एखाद्या कायद्यासाठी, त्याची अधिसूचना निघाली नसेल तर, भारत नाही. बोल्टावर जकात घेणाऱ्यांनी अधिसूचना वेळेवर काढली. तो बोल्ट आवळणाऱ्याची अधिसूचना शोधायला राजपत्रांचे गठ्ठे उपसावे लागतात. फौजदारी कायद्याची १९८१ ची अधिसूचना आहे, पण तिच्यातही मौज अशी की, अनन्य आर्थिक क्षेत्रात गुन्हा करणारा ‘जेथे सापडेल तेथे’ तो गुन्हा घडला असे समजून त्याच्यावर खटला चालवता येतो. २०१२ साली केरळच्या किनाऱ्यापासून २०.५ सागरी मैलांवर इटालियन जहाजावरील नौसैनिकांनी दोन मच्छीमारांना गोळ्या घातल्या, तेव्हा केरळ राज्यास तेथे अधिकार नाही, तो केंद्राचा, असे सर्वोच्च न्यायालयाने पुढच्याच वर्षी सांगितले. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळात पी-३०५ हा बार्ज बुडून सत्तरांहून अधिक कामगार मेले, तेव्हा फिर्याद नोंदवली गेली ती मुंबई बंदरातील यलो गेट पोलीस ठाण्यात. फौजदारी कायद्यात आरोपी जेथे सापडेल ते गाव. मेलेला मनुष्य कोठे सापडायचा, याची तजवीज त्यात नाही.

आता ज्या प्रकरणाने हे सर्व पुन्हा उकरून काढले ते सांगतो. आमच्याच तालुक्यातील एका वाडीवरचा एक तरुण, आईबाप पिढीजात ऊसतोडीचे, स्वतः मात्र आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकून कोयत्यातून सुटलेला, एका कंत्राटदारामार्फत समुद्रातल्या कामावर गेला आणि दुसऱ्याच हंगामात उंचावरून पडून मेला. हेलिकॉप्टरने त्याचा देह जुहूला आणला गेला. त्याचे वडील माझ्या ओसरीवर आले तेव्हा, पाण्याखालचे प्रकरण म्हणून, मला ते परत करता आले नाही.

कामगारांच्या भरपाईचा त्या वेळी चालू असलेला १९२३ चा कायदा १९९५ मधील दुरुस्तीने उदार झाला होता: अपघात जेथे घडला तेथेच नव्हे, तर वारस जेथे राहतात तेथील आयुक्तांकडेही अर्ज करता येई. म्हणून मी अर्ज आमच्याच जिल्ह्यात केला. कंत्राटदाराच्या वकिलांनी, जे विद्वान आणि अत्यंत सौजन्यशील गृहस्थ होते, तीन हरकती घेतल्या. अपघात बारा मैलांपलीकडचा, म्हणजे भारताबाहेरचा. तो ‘जणू’ भारतातला म्हणत असाल तर या अधिनियमाची अधिसूचना दाखवा. आणि ते जहाज म्हणत असाल तर मृत हा खलाशी ठरतो, तेव्हा जहाजमालकाच्या गावी जा. पहिल्या दोन हरकती परस्परांना खातात आणि तिसरी त्या दोघींना खाते, असे मी माझ्या युक्तिवादात म्हटले. ते वाक्य मला अजून आवडते.

परंतु खरा काटा त्यांनी दाखवलाच नव्हता, तो मलाच सापडला. वारसांच्या गावी अर्ज घ्यायचा तर, अपघात ज्या क्षेत्रात घडला तेथील आयुक्तांना आणि ‘संबंधित राज्य सरकार’ला नोटीस दिल्याविना पुढे जाता येत नाही, असे त्याच कलमाचे परंतुक होते. समुद्राचा आयुक्त कोण? तेथे संबंधित राज्य कोणते? अमेरिकेने १९५३ च्या कायद्यात हा पेच आधीच ओळखला होता: तळ आणि तेल केंद्राचे, पण केंद्राच्या कायद्यात जेथे खिंड पडेल तेथे प्लॅटफॉर्मवर लगतच्या राज्याचा कायदा, केंद्राचाच कायदा म्हणून, चालतो. आपल्याकडे अशी एक ओळ घातली असती तर तेलाचा थेंबही इकडचा तिकडे न होता महाराष्ट्राचे कामगार आयुक्त तेथवर पोचले असते. हे मी दोन समित्यांना लिहून कळवले आणि दोन्हींकडून पोच आली. तूर्त मी ती नोटीस अंदाजाने मुंबईच्या एका कार्यालयास पाठवली. सदर ठिकाण या कार्यालयाच्या हद्दीत येत नसल्याने कागद परत करण्यात येत आहेत, असा शेरा मारून ती परत आली. इकडे अर्जाच्या नमुन्यात अपघाताच्या ठिकाणाखाली मी अक्षांश-रेखांश लिहिले होते. लेखनिकाने त्यावर पेन्सिलीने ‘मौजे? तालुका?’ असे विचारून अर्ज दुरुस्तीस ठेवला होता. त्याचे चुकले असे मला म्हणवत नाही.

निकाल लागला नाही. जीवितहानीची भरपाई परस्पर देता येत नाही, ती आयुक्तांकडेच जमा करावी लागते, हे जाणून कंत्राटदाराने अधिकारक्षेत्राचा मुद्दा राखून ठेवत पूर्ण रक्कम भरली आणि अर्ज निकाली निघाला. वडिलांना मुकादमाची उचल फेडायची होती. ते समाधानी होते. मी नव्हतो. चाळीस वर्षांत प्रथमच हा प्रश्न इतक्या स्वच्छ रूपात न्यायासनापुढे आला होता आणि पैसे भरले गेल्याने तो हातचा गेला, असे त्या क्षणी मला वाटले. आणि असे वाटल्याची शरम मला घरी पोचेपर्यंत वाटली नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे.

रक्कम हाती आल्यानंतर ते गृहस्थ एकदा पुन्हा आले. मृत्यूच्या दाखल्यावर ठिकाण म्हणून मुंबई लिहिले होते, कारण देह तेथे तपासला गेला. “वकीलसाहेब, लेकरू मुंबईत मेलं नाही हो,” ते म्हणाले. “मुंबई त्यानं नीट बघितलीबी नव्हती.” मी नौवहनाचा जुना नकाशा काढून त्यावर पेन्सिलीने ठिपका दिला. त्यांनी त्या ठिपक्यापासून किनाऱ्यापर्यंत बोटाने वीत मोजली, आणि हे कोणाच्या शिवारात येते, असे विचारले. मी अनुच्छेद २९७ सांगू लागलो. त्यांनी थोडा वेळ ऐकून घेतले, मग म्हणाले, ते राहू द्या, ठिकाण तेवढं कागदावर लिहून द्या, घरी विचारतात. मी अक्षांश आणि रेखांश, अंश-कलांसह, देवनागरीत लिहून दिले. त्यांनी तो कागद वाचला नाही. चौघडी घालून दाखल्याच्या आत ठेवला.