ॲम्बलरची बाग

फिलाडेल्फियाच्या उत्तरेला ॲम्बलर नावाचे छोटे गाव आहे. १८५६ मधल्या भीषण रेल्वे अपघातात जखमींच्या मदतीला धावून गेलेल्या मेरी ॲम्बलर यांच्या नावावरून हे नाव पडले. कंपनीच्या कामासाठी तिकडे होते तेव्हा एका शनिवारी टेंपल विद्यापीठाचे इथले वृक्षोद्यान पाहून आले. आज ते विद्यापीठाचे असले, तरी सुरुवात झाली ती मुलींच्या शाळेपासून.

जेन बाउन हेन्स या बागांची आवड असलेल्या क्वेकर घराण्यातल्या. त्या काळी बागकाम शिकायचे म्हणजे जुन्या माळ्याच्या हाताखाली राबायचे, आणि तिथे मुलींना कोण घेणार? इंग्लंडमध्ये मुलींना हे शास्त्र शिकवणाऱ्या संस्था होत्या. त्या पाहून जेनबाईंनी १९१० मध्ये इथे ७१ एकरांचे शेत घेतले आणि पुढच्या वर्षी वर्ग सुरू झाले.

शिक्षण हौशीचे नव्हते, पोटापाण्याचे होते. सकाळी वनस्पतिशास्त्र आणि मातीचा अभ्यास शिकलात, तरी नंतर कुदळ हातात घ्यायचीच. फळझाडांची छाटणी, काचघर, मधमाश्या, कोंबड्या, सुतारकामसुद्धा! हे वाचून मला आमचे बीईचे पहिले वर्ष आठवले. वर्कशॉपमधले काका प्रेमाने म्हणायचे, "मुलींनो, द्या इकडे, तुमचा जॉब मी करून देतो." जॉब व्हायचा, मार्कही मिळायचे; करवत मात्र हाताला लागायची नाही. इथे शंभर वर्षांपूर्वी करवत मुलींच्याच हाती होती.

१९२४ पासून जवळजवळ तीन दशके लुईझ बुश-ब्राउन संचालिका होत्या. मधे हिरवळ आणि दोन्ही बाजूंना दरवर्षी मुळांतून पुन्हा फुटणाऱ्या फुलझाडांचे लांब वाफे, ही इथली प्रसिद्ध बाग त्यांच्याच काळातली. तिच्या आखणीत त्यांचे पती जेम्स यांचा मोठा वाटा. इथे शिकलेल्या अर्नेस्टा बॅलार्ड पुढे पेनसिल्व्हेनियाच्या उद्यान संस्थेच्या प्रमुख झाल्या. १९५८ मध्ये शाळा टेंपल विद्यापीठात विलीन झाली.

१ सप्टेंबर २०२१ ला आयडा वादळाच्या पाठोपाठ आलेल्या चक्रीवाताने इथली शेकडो झाडे एका संध्याकाळी उखडली. जुन्या सावल्या गेल्या. मी गेले तेव्हा मोकळ्या जागांत नवी रोपे उभी होती, प्रत्येकाला काठीचा आधार. ती मोठी व्हायला आणखी एक पिढी जाईल.

तुमच्यापैकी कोणी शिक्षणासाठी त्या बाजूला असेल, तर मे-जूनमध्ये जरूर जा. वाफे तेव्हा भरात असतात.