कवेलू आणि टाइल्स

राजेगावी मी ज्या घरात राहतो ते कवेलूंचे आहे, हे या बाजूस येऊन गेलेल्या वाचकांना ठाऊकच असेल. इतरांसाठी एवढे सांगतो की, आमचे गाव बालाघाट जिल्ह्याच्या सीमेवर, बाघ नदीजवळ आहे. पूल ओलांडला की महाराष्ट्र लागतो आणि गोंदियाची वाट सुरू होते. १९५६ साली राज्यांची फेरमांडणी झाली तेव्हा भंडारा जिल्हा आणि त्याबरोबर गोंदिया आमच्यापासून वेगळे झाले व बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. परंतु सोयरसंबंध, बाजारहाट आणि मिस्त्री हे अद्याप दोन्ही काठांचे सामाईकच आहेत.

गेल्या पावसाळ्यात माझ्या उशाशी गळू लागले. चार महिने एका पातेल्यावर निभावले. यंदा मात्र मृगापूर्वी छपराची डागडुजी करावयाचीच, असा मी निश्चय केला आणि मे महिन्यात एका मिस्त्रीस फोन लावला. त्याचे नाव एका परिचिताने सुचविले होते. येथे ते सांगण्याचे प्रयोजन नाही.

आता माझ्या पहिल्या चुकीकडे वळतो. सेमिनरीत असताना माझे मंगलोरकडील सहाध्यायी अशा छपराला 'मंगलोर टाइल्स' म्हणत असत. तोच शब्द माझ्या तोंडी बसला आहे. तेव्हा मी त्याला म्हणालो, "टाइल्सचे काम आहे, फुटलेल्या बदलावयाच्या आहेत." खेड्यातला कोणताही शेतकरी सरळ 'कवेलू' म्हणाला असता. आजकाल टाइल्स म्हटल्या की माणसाच्या डोळ्यांपुढे गुळगुळीत चकचकीत फरशी उभी राहते, हे माझ्या ध्यानात आले नाही.

मिस्त्री आला. खाली पाहत आला. मी वर बोट दाखविले. तो क्षणभर गप्प राहिला. ते गप्प राहणे मी पाहिले होते, हे मला कबूल केले पाहिजे. परंतु काम अवघड सांगून तो दाम वाढविणार, असा तर्क करून मी लागलीच घासाघीस आरंभिली. त्याने नऊ हजार सांगितले, मी सहावर आणले. वर "होऊन जाईल ना?" असेही विचारले. तो म्हणाला, "होऊन जाते, फादर. काही टेन्शन घेऊ नका." निम्मे पैसे मी आगाऊ दिले.

तीन दिवस काम चालले. मधल्या एका दिवशी मी बाहेरगावी आजाऱ्याच्या भेटीस गेलो होतो. परत येऊन पाहतो तो छप्पर कसे नवे दिसत होते! प्रत्येक दोन कवेलूंच्या सांध्यात पांढरे सिमेंट भरून त्याने रेघा ओढल्याप्रमाणे काम केले होते. मला ते अतिशय आवडले. शेजाऱ्यांना बोलावून दाखविले, मिस्त्रीला चहा पाजला आणि उरलेले तीन हजार हातावर ठेविले.

मृगाच्या दुसऱ्या पावसात पाच ठिकाणी गळू लागले. उशाशी तर गळतच होते, त्यात पुस्तकांचे कपाट आणि स्वयंपाकघर यांची भर पडली.

दुसऱ्या दिवशी शेजारचे एक वृद्ध बाबाजी काठी टेकीत आले. तारुण्यात ते आणि त्यांचे वडील वैशाख-ज्येष्ठात गावोगाव कवेलू फेरण्याचे काम करीत. त्यांनी अंगणातून वर पाहिले आणि विचारले, "फादर, कवेलूला सिमेंट कोणी पाजलं?" मग त्यांनी जे समजावून सांगितले ते मी यथाशक्ती लिहितो. देशी नळीचा कवेलू नुसता एकावर एक ठेवलेला असतो. माकड, मांजर, वारा यांनी तो सरकतो, म्हणून दर वर्षी फेरावा लागतो. इंग्रजी कवेलूला पाठीमागे खुंट्या असतात, त्या रिपेत अडकतात. कडांना खाचा असतात, त्या शेजारच्या कवेलूत बसतात. एकावरचे पाणी दुसऱ्यावर, दुसऱ्यावरचे तिसऱ्यावर घसरत वळचणीला येते. सांधा बंद करावयाचा नसतोच. पाणी वाहण्यास उतार आणि कवेलूला हलण्यास जागा हवी असते. लाकूड उन्हाने सुकते, पावसाने फुगते, कवेलू त्याच्यासह किंचित हलतो. सिमेंटने जखडला की तो तडकतो, आणि पाणी सिमेंटच्या बांधाशी अडून मागे फिरते व वाशात मुरते. शिवाय मिस्त्री फरशीवर चालावे तसा कवेलूच्या मधोमध पाय देऊन चालला होता. खाली रीप जेथे असते तेथेच पाय द्यावा, अथवा शिडी आडवी टाकून तिच्यावरून जावे. जुने फुटलेले कवेलू होते सात. नवीन फुटलेले बाबाजींनी खालूनच मोजले ते एकोणीस.

या खाचांच्या कवेलूचे मूळ फार दूरचे आहे. १८४१ साली फ्रान्सच्या अल्सास प्रांतातील जिलार्दोनी बंधूंनी तो घडविला. पुढे १८६५ मध्ये बासेल मिशनच्या प्लेब्स्ट नावाच्या मिशनऱ्याने मंगलोरास कारखाना काढला, आणि तेथून त्याची चाल देशभर गेली. आमच्या गोंदिया भागातही अशा कवेलूंचे कारखाने होते. माझ्या घरच्या कवेलूंच्या पाठीवर कारखान्याची छापील अक्षरे आहेत, पण ती झिजली आहेत. प्रत्येक कारखान्याचा साचा थोडा निराळा, म्हणून एकाचा कवेलू दुसऱ्याच्या खाचेत नीट बसत नाही, हेही मला बाबाजींकडूनच कळले.

येथे थोडे विषयांतर. पक्षाघाती मनुष्यास चौघांनी छपरातून खाली सोडले, या प्रसंगावर मी आजवर अनेक वेळा प्रवचन केले आहे. मार्क म्हणतो, त्यांनी छप्पर उकरले. लूक कवेलू काढल्याचे सांगतो. त्या मित्रांच्या श्रद्धेविषयी मी पुष्कळ बोललो. त्या घरधन्याचे छप्पर नंतर कोणी शाकारले, हा प्रश्न यंदाच्या आषाढात, रात्री दोन वाजता, पातेले बदलताना मला प्रथमच पडला.

मिस्त्री फोन उचलीना. श्रावणात एके दिवशी रस्त्यावरील चहाच्या टपरीवर तो अवचित समोर आला. मी बरेच कठोर बोललो. टपरीवरील माणसे ऐकत होती, तरी बोललो. तो उभा राहिला, आणि माझे संपल्यावर म्हणाला, "फादर, मी फरशीचा मिस्त्री. कवेलूवर कधी चढलो नव्हतो. त्या दिवशी तुम्हाला सांगणारच होतो, तर तुम्ही भाव करू लागले. मला वाटलं, आता बोललो तर कामच जाईल. उन्हाळ्यात दीड महिना घरी बसून होतो."

त्याने खिशातून पाचशेच्या दोन नोटा काढून पुढे केल्या. त्या मी घेतल्या. टपरीवर उभा असताना त्या घ्याव्यात असे वाटले. घरी पोहोचेपर्यंत तसे वाटेनासे झाले. नोटा अद्याप मेजाच्या खणात आहेत, आणि तो आता कामासाठी नागपूरला गेला आहे असे ऐकतो.

छपरावर सध्या निळी ताडपत्री आहे. दिवाळीनंतर काम करू, असे बाबाजी म्हणतात. त्यांचे गुडघे चढू देत नाहीत, पण एखादा पोरगा वर चढला तर ते खाटेवरून सांगतील. गावात एक कवेलूचे घर पाडून स्लॅबचे बांधीत आहेत. त्याचे जुने कवेलू आम्ही बैलगाडीने आणून अंगणात रचले आहेत. साचा आमच्याशी जुळतो. बाबाजी सकाळी येऊन बसतात, एकेक कवेलू बोटाच्या पेराने वाजवून पाहतात. चांगला कवेलू टणक वाजतो, तडा गेलेला बद्द. बद्द वाजणाऱ्यांचा ढीग काल संध्याकाळपर्यंत मोठा होता.