पाण्याचा पंधरवडा

2020 च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा आमची मोठी पहिलीत होती आणि धाकटा नुकताच अंगणवाडीत जायला लागला होता. बीडच्या जुन्या वस्तीत आमचं दोन खोल्यांचं घर आहे, वर गच्ची. घरात आम्ही दोघं, दोन मुलं आणि दादी. आमच्यापैकी एकाचं कापडाचं छोटं दुकान, दुसरीचं घरकाम आणि शिलाई मशीन. दोघांचंही शिक्षण बारावीपर्यंत. मुलांना घरी शिकवायची वेळ आपल्यावर येईल, असं कधी मनातही आलं नव्हतं.

जूनमध्ये मोबाईलवर अभ्यास येऊ लागला. घरात मोबाईल एकच, तोही दिवसभर दुकानात. रात्री जेवणं झाल्यावर मोठी तो घेऊन बसायची आणि पडद्यावरचं पान वहीत उतरवायची. अक्षर सुरेख. आम्ही खूश होतो. एका रात्री सहज म्हटलं, "बेटा, यातली एक ओळ वाचून दाखव." तिनं ओळीकडे पाहिलंच नाही. आमच्या तोंडाकडे पाहत राहिली. दुसरी ओळ, तिसरी ओळ, तेच. पोरगी अक्षरं काढत होती, वाचत नव्हती. घरात आम्ही दखनी बोलतो, शाळा मराठी, आणि मकतबमध्ये अरबी. शाळेत वर्गमैत्रिणींबरोबर जी मराठी कानावर पडायची, तीही आता बंद झाली होती. त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही.

भिंतीवरचा जिराफ

दुसऱ्या दिवसापासून आम्ही कंबर कसली. एकेक विषय घ्यायचा आणि त्याच्याभोवती वाचन, गणित, चित्र, गोष्ट असं सगळं गुंफायचं, असं कुणाकडून तरी ऐकलं होतं. पहिला विषय ठरवला 'प्राणी'. जुन्या पुस्तकांतली चित्रं कापली, भिंतीवर मोठा तक्ता लावला, सोमवार ते शनिवार असं वेळापत्रक लिहिलं. रात्री बारापर्यंत कागद कापत बसायचो. सिंह, हत्ती, जिराफ.

पाचव्या दिवशी सगळं बारगळलं. मुलांना जिराफाशी काही देणंघेणं नव्हतं. दोन प्रश्न विचारले की धाकटा गच्चीवर पळायचा. आम्ही रात्री जागून केलेल्या तयारीचा राग सकाळी मुलांवर निघायचा. मोठी रडली, दादी आमच्यावर रागावली, "बच्ची को पढा रहे या डरा रहे?" तक्ता आम्हीच काढून ठेवला.

त्याच आठवड्यात नळाला पाणी यायचा दिवस होता. घरातली सगळी भांडी भरून झाली, आणि धाकट्यानं विचारलं, "हे पाणी येतं कुठून?" मोठी म्हणाली, "नळातून." तो म्हणाला, "आणि नळात?" तिला उत्तर देता आलं नाही. खरं सांगायचं तर आम्हालाही नीट देता आलं नाही. पालीजवळचं बिंदुसरेचं धरण, माजलगावचं धरण, एवढी नावं ठाऊक होती. पण दोन्ही मुलं पहिल्यांदाच उत्तराची वाट पाहत उभी होती. आमचा विषय आमच्या दारातच सापडला होता.

वुजूचं पाणी किती?

आम्ही पंधरा दिवस फक्त पाणी घ्यायचं ठरवलं. तक्ता नाही, वेळापत्रक नाही. एका कागदावर मुलांचेच प्रश्न लिहिले: पाणी येतं कुठून? जातं कुठं? आपण किती वापरतो? पूर्वी लोक काय करायचे?

सुरुवात मोजण्यापासून केली. टाकीच्या नळाखाली बादली ठेवून, नळ सोडून वुजू केला, आणि बादलीत पडलेलं पाणी तेलाच्या लिटरच्या बाटलीनं मोजलं. पाच बाटल्या भरल्या. मग दादीनं तिच्या बदन्यानं वुजू केला. जेमतेम एक बाटली! मुलांना वाटलं, दादीनं काहीतरी चलाखी केली. पुन्हा मोजलं. तेच आलं.

तेव्हा आम्ही त्यांना सांगितलं की प्रेषित मुहम्मद (स.) एका 'मुद्द'भर पाण्यात वुजू करत, हे बुखारी आणि मुस्लिम दोन्हींतल्या हदीसमध्ये आलं आहे. मुद्द म्हणजे दोन्ही ओंजळी भरून होणारं जुनं माप, आजच्या हिशोबानं साधारण पाऊण लिटर. मोठीनं स्वतःच हिशोब मांडला. एका वुजूमागे चार लिटर वाचतात, पाच नमाजांचे वीस. घरात नमाजी तिघं, म्हणजे साठ लिटर. आमचा हंडा पंधरा लिटरचा. "अम्मी, रोज चार हंडे!" ती ओरडली. गुणाकाराचा धडा आम्ही घेतलाच नव्हता. तिनं पंधरा, तीस, पंचेचाळीस, साठ असं मोजलं होतं.

पाऊस पडायचा तेव्हा गच्चीवर सरळ भिंतींचा डबा ठेवून, थांबल्यावर त्यात पट्टी बुडवून पाहायचो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. आमची गच्ची पाचशे चौरस फूट, म्हणजे सुमारे 46 चौरस मीटर. एका संध्याकाळी डब्यात 10 मिलिमीटर भरलं. हा हिशोब आम्ही करून दिला: 460 लिटर, तीस हंड्यांहून थोडं जास्तच. ते सगळं पन्हाळीतून गल्लीत वाहून गेलं होतं. धाकटा दारात उभा राहून बराच वेळ गल्लीकडे पाहत राहिला.

पाणी कुठं जातं, याचा माग कागदावर काढला. बिंदुसरा सिंदफणेला मिळते, सिंदफणा गोदावरीला, आणि गोदावरी थेट बंगालच्या उपसागराला. मोठीनं निळ्या खडूनं रेघ ओढली आणि नावं लिहिली. 'सिंदफणा' लिहिताना तीनदा खोडलं, पण शब्द तिला हवा होता म्हणून खोडलं. कुणी सांगितलं म्हणून नव्हे.

दादीची तीन वाक्यं

'पूर्वी लोक काय करायचे?' हा प्रश्न उरला होता. पुस्तक शोधण्यापेक्षा दादीला विचारा, असं सांगितलं. दादी शाळेत कधी गेली नाही. मुलांच्या अभ्यासाच्या वेळी ती स्वतःहून उठून स्वयंपाकघरात जायची, आपल्यामुळे अडचण नको म्हणून. त्या दिवशी मुलांनी तिला मध्ये बसवलं.

दादी 1972 च्या दुष्काळात चौदा वर्षांची होती. तिनं सांगितलं की विहिरी आटल्या, तेव्हा घरातले सगळे दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. लाल मिलोची भाकरी असायची, कामावर सुकडी मिळायची. पहाटे घागर घेऊन निघायचं आणि ऊन चढल्यावर अर्धी भरून परत यायचं. "पानी नै था बेटा," ती म्हणाली, "पत्थरच पत्थर थे." आम्ही लग्नानंतर इतकी वर्षं तिच्याबरोबर राहिलो, पण हे तिनं कधी सांगितलं नव्हतं. आम्हीही कधी विचारलं नव्हतं.

मोठी उठली, वही आणली आणि लिहायला बसली. आम्ही काही बोललो नाही. तिनं लिहिलं: "दादी लहान होती. तेव्हा पाणी नव्हतं. दादीने दगड फोडले." मग आपलंच लिहिलेलं बोट ठेवत, अडखळत, मोठ्यानं वाचून दाखवलं. दादी दखनीत बोलली होती आणि पोरीनं ते मराठीत उतरवलं होतं. ही तिची स्वतःची पहिली तीन वाक्यं. दादीनं वहीवरून हात फिरवला आणि विचारलं, "इसमें मेरा नाम कहाँ है?" मग चौथं वाक्य लिहिलं गेलं.

पंधरा दिवसांचं पाणी पाच आठवडे चाललं. पुढे हिवाळ्यात, बंधनं सैल झाल्यावर, शहराच्या दक्षिणेला असलेल्या खजाना बावडीवर गेलो. निजामशाहीच्या काळातली, चारशे वर्षांहून जुनी ही विहीर. तिचं पाणी भुयारी वाटेनं, केवळ जमिनीच्या उतारावर शेतांकडे जातं. मोट नाही, मोटार नाही. धाकट्यानं घरी येऊन दोन डबे आणि सलाईनची नळी घेऊन तोच प्रयोग केला. एक डबा उंच ठेवला की पाणी जातं, बरोबरीत ठेवला की थांबतं. आमच्या पूर्वजांनी हे ओळखलं होतं, याचं त्याला फार अप्रूप वाटलं.

ही पद्धत आपल्यालाही जुनी

आमच्या गल्लीत एक निवृत्त गुरुजी राहतात. आमचे हे उद्योग पाहून ते हसले आणि म्हणाले, "याला आम्ही डी.एड.ला समवाय पद्धत म्हणायचो." त्यांच्याकडून कळलं की 1937 च्या ऑक्टोबरमध्ये गांधीजींनी वर्ध्याला शिक्षण परिषद भरवली. तिथं नव्या शिक्षणाचा आराखडा करायला जी समिती नेमली, तिचे अध्यक्ष होते डॉ. झाकीर हुसेन, जामिया मिल्लियाचे तेव्हाचे प्रमुख आणि 1967 मध्ये झालेले राष्ट्रपती. भाषा, गणित, विज्ञान अलग अलग न शिकवता मुलाच्या हातातलं काम, भोवतालचा निसर्ग आणि भोवतालचा समाज यांच्याशी जोडून शिकवावं, हा त्या आराखड्याचा गाभा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनीही बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांसाठी असंच केलं. शिंपले, बिया, पानं हेच त्यांचं साहित्य. गुरं चारणाऱ्या मुलांकडे त्यांची शाळाच कुरणात गेली. म्हणजे आम्ही काही नवं करत नव्हतो. फक्त उशिरा शिकत होतो.

पुढचा विषय होता चाँद. 2021 च्या रमजानमध्ये मुलांनी आकाश पाहून चंद्राची चित्रं काढली. ढगाळ दिवशी चौकट रिकामी ठेवली. रमजान 2019 ला 7 मे रोजी सुरू झाला, 2020 ला 25 एप्रिल, 2021 ला 14 एप्रिल. दरवर्षी दहा-बारा दिवस अलीकडे का येतो, हे मोठीनं वजाबाकी करून पाहिलं. चांद्र वर्ष साधारण 354 दिवसांचं, हे मग तिला पाठ करावं लागलं नाही. सीताफळाच्या दिवसांत सीताफळ घेतलं. एका फळात बिया किती, याचा अंदाज आधी लिहायचा आणि मग खाऊन मोजायचं! बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, हेही तेव्हाच कळलं.

आता आम्ही विषय आखतो ते असे. आधी मुलांचे तीन-चार प्रश्न लिहून घेतो. घरात किंवा चालत जाण्याच्या अंतरावर जे आहे, तेच निवडतो. प्रत्येक विषयात एक मोजण्याचं काम, एक हातानं करण्याचं, आणि एका मोठ्या माणसाला विचारून लिहिण्याचं. आयत किंवा हदीस ओढूनताणून चिकटवत नाही. जिथं ती आपसूक येते तिथंच सांगतो. विषय पंधरा दिवसांचा, पण मुलांचा रस संपला की दहाव्या दिवशीही थांबवतो.

हिशोब दोन्ही बाजूंचा

सगळं जमलं असं म्हणणार नाही. डिसेंबर 2021 मध्ये मोठी शाळेत गेली, तेव्हा ती तिसरीत होती. वाचनात वर्गात पुढे होती. पण हातच्याची वजाबाकी आणि पाढे कच्चे राहिले होते. विषयाच्या ओघात जे येईल ते शिकवू, या भरवशावर आम्ही रोजचा सराव सोडला होता. तो वेगळा करावाच लागतो. रोज वीस मिनिटं वाचन, वीस मिनिटं आकडेमोड, विषय कुठलाही असो. शिवाय शाळेतल्या मैत्रिणी, खेळ, भांडणं हे घर देऊ शकत नाही. म्हणून आम्ही शाळा सोडण्याचा सल्ला कुणालाच देत नाही. मुलांची नावं शाळेत असावीत, आणि शाळेला घराची जोड असावी.

आपल्या जिल्ह्यात तर ही जोड फार गरजेची आहे. आमची शाळा महामारीत बंद झाली, पण ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतल्या कितीतरी मुलांची शाळा दरवर्षी दिवाळीच्या सुमारास सुटते. शेजारच्या मावशींचा नातू असाच आई-वडिलांबरोबर कारखान्यावर निघाला होता. आमच्या मोठीनं त्याला एक कोरी वही दिली आणि पहिल्या पानावर चार प्रश्न लिहिले: तुमच्या कोपीला पाणी कुठून येतं? किती हंडे लागतात? कोण आणतं? तुझ्या आजोबांच्या वेळी कसं होतं?

उन्हाळ्यात तो परतला. वही मळली होती, कोपरे दुमडले होते. दोनच पानं भरली होती. पहिल्या प्रश्नाखाली लिहिलं होतं, "पाणी लांबून येतं. आई आणते." मोठीनं ती पानं दोनदा वाचली आणि म्हणाली, "अब्बा, त्याला अजून एक वही देऊ."

अल्लाह आपल्या सर्वांच्या लेकरांना नफा देणारं इल्म देवो आणि आपल्याला त्यांचे प्रश्न ऐकायची सवड देवो. आमीन.