आबांची बाज

आबा गेले त्याच्या चौथ्या उन्हाळ्यात त्यांची बाज बोलायला लागली.

बाज आंब्याच्या लाकडाची. ओढ्याकडचा रायवळ आंबा वावटळीत उन्मळून पडला, तेव्हा गावच्या सुतारानं घडवून दिलेली. जाड खुर, लांब गाती, वर सुंभाची वीण. आबा वीस-बावीस वर्षं तिच्यावर झोपले, शेवटचं दुखणंही तिच्यावरच काढलं. पुढं आजी तिच्यावर झोपायला लागली. घरातल्यांना ते बरं वाटत नव्हतं, पण आजीपुढं कोण बोलणार?

सणसवाडीत तेव्हा नगर रस्त्याच्या कडेनं कारखाने उठत होते. ट्रकांची घरघर रात्री उशिरा जरा कमी व्हायची, आणि मग ऐकू यायचं. करर्र... करर्र... थांबायचं. पुन्हा करर्र.

"म्हातारा दात खातोय," आजी म्हणायची. "झोपंत असंच खायाचा."

सकाळी बाजेखाली पिठासारखा भुसा पडलेला असायचा. दादांनी बोटावर घेऊन पाहिला आणि म्हणाले, "घुण लागलाय. आज बाजंला, उद्या आढ्याला. जाळून टाकू."

"माझ्या तिरडीसंगं जाळा," आजी म्हणाली. विषय संपला. म्हणजे आमच्यापुरता संपला. किड्यानं आपलं काम चालूच ठेवलं.

मी तेव्हा प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो, एस.टी.नं पुण्याला जाऊन-येऊन करायचो. वळवाचा पाऊस पडून गेला त्या रात्री आजीनं हाक मारली, "बॅटरी आण रं." गातीला बोटभर लांबट भोक पडलेलं आणि त्याच्या तोंडाशी एक तपकिरी भुंगेरा बसलेला. इंचभर अंग आणि अंगापेक्षा लांब मिशा. मी त्याला औषधाच्या बाटलीत घातलं. रात्रभर झोप नाही. असला किडा मी कॉलेजच्या पेट्यांत पाहिला नव्हता, म्हणजे तो जगानंच पाहिला नसणार, असं ते सरळ गणित होतं. नवी जात! वहीच्या शेवटच्या पानावर मी नावही लिहून ठेवलं: सणसवाडीएन्सिस. गावाच्या नावाला एवढी लॅटिन शेपटी लावायची असते, एवढंच मला ठाऊक होतं.

सरांनी बाटली उजेडात धरली आणि नावाचं काही न विचारता म्हणाले, "निघाला कशातून?"

"बाजेतून, सर."

"लाकूड कुठलं?"

मग त्यांनी कपाटातून गहानचं 1906 सालचं जाडजूड पुस्तक काढलं. हिंदुस्थानातल्या लांब मिशांच्या भुंगेऱ्यांचं ते पहिलं मोठं पुस्तक. त्यात किल्ली असते: मिशीचं पहिलं पेर कसं, मानेवर काटा आहे की नाही, पंखांची टोकं गोल की टोकदार. एकेका प्रश्नाला उत्तर देत खाली उतरायचं. सर उतरत होते, मी भिंगातून सांगत होतो. मध्येच त्यांनी नवी जात कशी ठरते तेही सांगितलं. 1758 सालच्या लिनियसच्या ग्रंथापासूनची सगळी नावं चाळायची. जवळच्या जातींचे नमुने शेजारी ठेवून बघायचे. नराचं जननांग सोडवून भिंगाखाली ताडायचं, कारण वरून सारखे दिसणारे दोघे तिथं वेगळे निघतात. मग एकच नमुना मूळ म्हणून निवडून संग्रहालयात ठेवायचा, वर्णन छापायचं. पुढं दोनशे वर्षांनीही कुणाला शंका आली, तर त्यानं त्याच टाचणीपाशी यावं. पुण्यातले हेमंत घाटे यांच्यासारखे अभ्यासक नव्या भुंगेऱ्यांसाठी हेच करत आलेत. हे काम रात्रीत होत नाही, हे तेव्हा मला कुणी सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

"स्ट्रोमेशियम बार्बॅटम," सर म्हणाले. "याचं बारसं झालंय. फॅब्रिशियस, डेन्मार्कचा. लिनियसचा चेला. 1775."

म्हणजे आमच्या शेजारच्या कोरेगावची लढाई व्हायला अजून 43 वर्षं होती. माझं तोंड उतरलेलं त्यांना दिसलं असावं. ते म्हणाले, "हा वाळल्या लाकडातच अंडी घालतो. वाळल्या लाकडात कस कमी, म्हणून अळी फार सावकाश वाढते. कैक वर्षं आतच असते. तुमच्या घरात ही कधीपासून आहे, ते बघ."

एस.टी.त कोरेगाव मागं पडेपर्यंत मला त्याचा अर्थ लागला नव्हता. लागला तेव्हा हातातली बाटली मी घट्ट धरली.

घरी आल्यावर आजीला सांगितलं. तिनं दोनदा विचारलं, "किती वर्सं म्हनलास?"

"नक्की नाही सांगता येत. पण चार-पाच असू शकतील."

ती बराच वेळ गातीवरून हात फिरवत राहिली. "म्हंजी आबा व्हतं तवाचाच की रं ह्यो. त्येंच्या उशाखाली."

दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच गोधडी जमिनीवर अंथरली. दादांना म्हणाली, "आढ्याला नगं लागाया. बाज भायेर काढा. पर जाळायची न्हाय." दादा आणि मी ती अंगणातल्या लिंबाखाली नेऊन ठेवली. तिथं तिनं दोन पावसाळे काढले. सुंभ कुजला, खुरांना भुईकडून वाळवी लागली. गातीवर भोकं वाढत गेली, मी मोजली तेव्हा अकरा होती. संध्याकाळी भाकरी थापून झाल्या की आजी तिच्या कडेला टेकायची आणि निघताना पदरानं भुसा झाडायची.

भुंगेरा मी कॉलेजला दिला. टाचणीखाली चिठ्ठी लावावी लागते: गाव, तालुका, जिल्हा, तारीख, कुठल्या लाकडातून. मी बारीक अक्षरात लिहिलं, 'सणसवाडी, ता. शिरूर, जि. पुणे. आबांची बाज.' सरांनी चष्मा कपाळावर चढवून वाचलं. मला वाटलं, आता खोडणार. त्यांनी पेन माझ्याकडं परत दिलं आणि म्हणाले, "पुढं 'आंबा' लिही. लाकूड राहिलं."