संतोषाचा ताळेबंद

संतोष हा शब्द आमच्या सुशिक्षित वर्गांत फार स्वस्त झाला आहे. पगारवाढ मिळाली, घर बांधून झालें, मुलगा परदेशीं स्थिरावला, म्हणजे आम्हांस संतोषाची महती सुचूं लागते; आणि ती आम्ही सांगतों कोणाला, तर घरीं भांडीं घासावयास येणाऱ्या बाईला! वर्धा जिल्ह्यांत राहून तर या शब्दाची अधिकच लाज वाटते. कापसाच्या भावावर ज्याचें वर्ष तरतें किंवा बुडतें, त्या कर्जबाजारी शेतकऱ्यास 'आहे त्यांत सुख मान' असें सांगणें हा उपदेश नव्हे, निर्दयपणा होय.

मग या विषयावर बोलण्याचा अधिकार तरी कोणास? आम्हांस अशा वेळीं जे. सी. कुमारप्पा आठवतात. १८९२ सालीं तंजावर येथें एका ख्रिस्ती कुटुंबांत ते जन्मले. लंडनमध्यें हिशेबतपासनिसाचें शिक्षण, मुंबईंत स्वतःचा व्यवसाय, पुढें न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत अर्थशास्त्राचा अभ्यास; एवढी शिदोरी असलेला मनुष्य आमच्या हिशेबानें सुखांत लोळावयाचा. परंतु १९२९ सालीं गांधीजींची गांठ पडली, आणि विलायती पोशाख सुटला. १९३४ सालीं अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाल्यावर हे गृहस्थ वर्ध्याच्या मगनवाडींत येऊन राहिले, आणि घाण्याचें तेल, हातसडीचा तांदूळ, हातकागद व मधमाशा यांत बुडून गेले.

बेचाळीसच्या चळवळीनंतरच्या तुरुंगवासांत त्यांनीं दोन पुस्तकें लिहिलीं. एक येशूच्या आचार-उपदेशावर, दुसरें चिरस्थायी अर्थव्यवस्थेवर. आमच्या मतें तीं एकाच ग्रंथाचे दोन भाग होत. शुभवर्तमानांतील धनिक तरुण खिन्न होऊन परत गेला, ही कथा देवळांत ऐकून लोक शांतपणें घरीं जेवावयास जातात. तिच्यांतला प्रश्न कुमारप्पांनीं अर्थशास्त्राच्या वर्गांत आणून बसविला. (गांधीजींनींही १९१६ सालीं अलाहाबादच्या म्यूर कॉलेजांत अर्थशास्त्रमंडळापुढें हीच कथा वाचून दाखविली होती. प्रोफेसरमंडळींस ती कितपत रुचली असेल, याची आम्हांस कल्पना आहे.) निसर्गांतील व्यवहारांची त्यांनीं लावलेली वर्गवारी दुसऱ्या झाडावर जगणाऱ्या बांडगुळापासून निघून, पिलांस निरपेक्षपणें भरविणाऱ्या पक्षिणीपर्यंत चढत जाते. माणसाची उन्नति त्यांनीं या शिडीवर मोजली, तिजोरीवर नव्हे. येथें संतोषाचा अर्थच पालटतो. 'पुरे' ही रेषा ज्याच्याजवळ आहे त्यानें आंखावयाची. ज्याचें पोट रितें आहे त्यास उद्योग व अन्न मिळावयाचें.

त्यांचें सारेंच आम्हांस पटतें असें नाहीं. जात्यावर आयुष्य घातलेल्या बायकांस पिठाच्या गिरणीनें दिलेली विश्रांति आम्हीं डोळ्यांनीं पाहिली आहे. त्यामुळें यंत्रांविषयींचा त्यांचा संशय कधीं कधीं अतिरेकी वाटतो.

नागपुरांत दोन घरें असलेले आमचे एक स्नेही परवां म्हणाले, "ब्रह्मचाऱ्याला हें सारें जमतें हो! बायकामुलें असतीं म्हणजे कळलें असतें." आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. मुलीचें शिक्षण, म्हातारपणची तरतूद, यांस लोभ म्हणण्यास आमची जीभ रेटत नाहीं. परंतु दुसऱ्या घराचें भाडें यांपैकीं कोणत्या सदरांत पडतें, असें आम्हीं विचारलें, तेव्हां त्यांनीं आंत चहा सांगितला.