'सांगितलंय की…' आणि हॅव-हॅज-दॅट



आपल्या इंग्रजीच्या पुस्तकांत दोन गोष्टी वेगवेगळ्या शिकवल्या जातात. एक, पूर्ण वर्तमानकाळ, म्हणजे हॅव-हॅज आणि क्रियापदाचं तिसरं रूप. दुसरी, 'दॅट'ने जोडलेलं नामवाक्य. मुलं दोन्ही पाठ करतात आणि गुणही मिळवतात. पण रोजच्या इंग्रजीत या दोन गोष्टी जोडीनेच भेटतात. 'आय हॅव हर्ड दॅट…', 'शी हॅज टोल्ड मी दॅट…', नोटिशीत 'इट हॅज बीन डिसाइडेड दॅट…'. ही जोडी वेगळी शिकवावी लागते, असा माझा वर्गातला अनुभव आहे. आणि ती शिकवायची सोपी वाट मराठीतूनच जाते.

आधी ही तीन वाक्यं मोठ्याने वाचा.

डॉक्टरांनी सांगितलं की मीठ कमी खा.
डॉक्टरांनी सांगितलंय की मीठ कमी खा.
डॉक्टरांनी सांगितलं होतं की मीठ कमी खा.

पहिल्यात नुसती घडलेली गोष्ट आहे. दुसऱ्यात सूचना आजही लागू आहे, म्हणून लोणच्याची बरणी लांब ठेवायची. तिसरं वाक्य ऐकलं की कळतं, आजोबांनी ऐकलेलं दिसत नाही! हा फरक कुठल्याही पाचवीतल्या मुलाला विचारा, बरोबर सांगेल. इंग्रजीत हेच तिघे सेड, हॅज सेड आणि हॅड सेड. म्हणजे मुलाला अर्थ आधीच येतो, फक्त नवं रूप द्यायचं आहे.

आता 'दॅट'च्या पुढचा भाग. हॅव-हॅज हा वर्तमानकाळाचाच प्रकार, त्यामुळे पुढच्या वाक्याचा काळ ओढून मागे न्यावा लागत नाही. 'ही हॅज सेड दॅट ही विल कम.' पण हॅड आलं की साधारणपणे 'विल'चं 'वुड' होतं: 'ही हॅड सेड दॅट ही वुड कम.' मराठीत मात्र 'तो येणार आहे असं म्हणाला होता' यात 'येणार आहे' जागचं हलत नाही. म्हणून आपल्या मुलांकडून 'हॅड सेड दॅट ही विल' असं लिहिलं जातं. ही बेफिकिरी नाही, ती मराठीची सवय आहे.

अशा आणखी चार सवयी सांगते.

एक, 'काल'. 'मी त्याला काल सांगितलंय' हे मराठीत चालतं. इंग्रजीत 'हॅव टोल्ड' आणि 'यस्टरडे' एकाच वाक्यात बसत नाहीत, तिथे साधं 'टोल्ड' हवं. पण 'आय हॅव हर्ड दॅट ही केम यस्टरडे' हे बरोबर आहे. कारण इथे 'यस्टरडे' दॅटच्या पलीकडचा आहे, ऐकण्याचा नाही, येण्याचा. मुलांना एवढंच विचारा, "काल काय झालं? ऐकणं की येणं?"

दोन, 'सांगणे'. मराठीत कोणाला ते न बोलताही 'मी सांगितलंय की' पूर्ण होतं. इंग्रजीत 'टेल'ला या ठेवणीत माणूस लागतो: 'आय हॅव टोल्ड हिम दॅट…'. माणूस नको असेल तर 'आय हॅव सेड दॅट…'.

तीन, स्वल्पविराम. मराठीत आपण 'की' नंतर स्वल्पविराम देतो, मुलं तोच 'दॅट' नंतर उचलून ठेवतात. इंग्रजीत तो तिथे लागत नाही.

चार, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, 'मी'. मराठीत आपण बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे ठेवतो. 'आई म्हणाली की मी चारला येते' यात 'मी' म्हणजे आई. वाळूजकडच्या एका ओळखीच्या बाईंच्या मुलीने शाळेत इंग्रजीत चिठ्ठी दिली: 'माय मदर हॅज टोल्ड दॅट आय विल कम ॲट फोर.' वाचणाऱ्यांना वाटलं, मुलीला चारला घरी पाठवायचंय. त्यांनी तिला रिक्षात बसवून दिलं. आई कंपनीतून सुट्टी काढून तिला घ्यायला आली, तर लेक तिथे नाही. पंधरा-वीस मिनिटं त्या माउलीचा जीव टांगणीला लागला. नंतर पोरीला ऐकावं लागलं की तुझं इंग्रजी कच्चं आहे. खरं तर तिने मराठी वाक्य अगदी इमानदारीने उतरवलं होतं. 'आय'च्या जागी 'शी' येतं, एवढं तिला कोणी दाखवलेलं नव्हतं.

हे मी मुद्दाम लिहितेय. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. तरी 'असं का होतं' हे मराठीशी ताडून सांगायला आपल्याला वेळ मिळत नाही. लाल शाईची रेघ मारली की पुढची वही.

आपल्याकडे तर ताडून बघायला किती सामान आहे! 'तो आलाय म्हणे' यातल्या एका 'म्हणे'चं इंग्रजी करायला 'आय हॅव हर्ड दॅट' एवढे चार शब्द लागतात. 'येतो म्हणून म्हणाला' यात 'म्हणून' दॅटचंच काम करतो, फक्त वाक्याच्या मागे उभा राहून. आपल्या व्याकरणात 'की' आणि हा 'म्हणून' दोघेही स्वरूपबोधक अव्यय. दखनी बोलणारी मुलं वर्गात असतील तर त्यांना विचारा. 'आता बोलके बोला' यातलं 'बोलके' म्हणजे त्या 'म्हणून'चंच भावंड. सिडको असो नाहीतर शहागंज, शहरातल्या मुलांना दोन-तीन भाषांचे कान असतात. ते कान वर्गात वापरू या.

पालकांसाठी एक छोटा खेळ. रात्री जेवताना दिवसभरातले तीन निरोप आठवायचे. कॉलनीच्या ग्रुपवर आलेला 'उद्या पाणी येणार आहे' हा निरोपही चालेल. प्रत्येक निरोपाला तीन प्रश्न विचारायचे: कोणी सांगितलंय? कोणाला? ते अजून लागू आहे का? उत्तरं मराठीतच येऊ द्या. मग त्याचं इंग्रजी करा: 'दे हॅव टोल्ड अस दॅट द वॉटर विल कम टुमॉरो.' लागू नसेल तर हॅव काढून टाका. चुकलं तर "मराठीत कसं म्हणशील?" एवढंच विचारा.

शिक्षकांनी फळ्यावर सेड, हॅज सेड, हॅड सेड असे तीन रकाने करून मुलांनी ऐकलेली घरची वाक्यं त्यात टाकून घ्यावीत. एक तास पुरतो. कोणतं वाक्य कुठल्या रकान्यात, यावर वर्गात भांडण झालं तर होऊ द्या. त्या भांडणात व्याकरण पक्कं होतं.